टेस्टमध्ये सगळं बरोबर, पॅनेल मात्र अर्धंच टाइट: ह्यूमन फॅक्टर्स ट्रेनिंग मोजायला गेलो त्याची गोष्ट

मीटिंगमध्ये मी तो तक्ता दाखवला तेव्हा सगळे खूश होते. ह्यूमन फॅक्टर्सचं, म्हणजे थकवा, ताण, गृहीत धरणं यातून माणसाकडून कामात चुका कशा होतात याचं, दोन दिवसांचं ट्रेनिंग, आमच्या विमान दुरुस्तीच्या दोन्ही हँगरमधल्या जवळपास सगळ्या मेकॅनिक आणि इंजिनीअर मंडळींचं झालेलं, फीडबॅक फॉर्म भरून आलेले, ट्रेनर कसा वाटला, विषय उपयोगी वाटला का, पुन्हा यायला आवडेल का, सगळ्याला भरभरून मार्क. शेवटच्या टेस्टमध्ये कोणी नापास नाही. मग मागच्या खुर्चीवरून आमचे एक सीनियर इन्स्पेक्टर बोलले. ते मीटिंगमध्ये फारसं बोलत नाहीत. म्हणाले, "मॅडम, गेल्या महिन्यात ज्याने ते टेलचं पॅनेल अर्धवट सोडलं, तो पण याच ट्रेनिंगला बसला होता ना? त्याला टेस्टमध्ये किती पडले होते?"

मीटिंग संपल्यावर मी त्याचा पेपर काढून बघितला. शिफ्ट हँडओव्हरवरचे, म्हणजे शिफ्ट संपताना काम पुढच्या माणसाच्या हाती कसं द्यायचं यावरचे, सगळेच्या सगळे प्रश्न बरोबर होते.

आता ते पॅनेल काय प्रकरण होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रात्रीच्या शिफ्टला एका मेकॅनिकने शेपटीकडचं एक पॅनेल परत बसवलं, सगळे स्क्रू जागेवर लावले पण हातानेच, स्क्रू ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच दुसऱ्या विमानावर गेलेला होता म्हणून टॉर्क करायचं राहिलं, तेवढ्यात शिफ्ट संपली. हँडओव्हर रजिस्टरमध्ये त्याने लिहिलं, "टेल पॅनेल - काम चालू". बस. सकाळचा माणूस आला, वर चढून बघितलं तर पॅनेल बसलेलं, एकही भोक रिकामं नाही, त्याला वाटलं काम झालंय, फक्त कागद पुरे करायचे राहिलेत, याच अर्थाने "चालू" लिहिलं असणार. पुढच्या कामाला लागला. शेवटच्या तपासणीला हे इन्स्पेक्टर वर गेले आणि त्यांनी सवयीने स्क्रूवर बोट दाबून फिरवून बघितलं. स्क्रू बोटाने फिरला. मग दुसरा. तोही फिरला. विमान तिथेच थांबवलं, कोणाला काही झालं नाही.

पण हे किती जवळून गेलं ते आमच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं, कारण ट्रेनिंगमध्ये अगदी हेच शिकवलेलं होतं. ११ सप्टेंबर १९९१, अमेरिकेत टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्सप्रेसची फ्लाइट २५७४ हवेतच तुटली, विमानातले चौदाच्या चौदा लोक गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या भागाच्या पुढच्या कडेचे वरच्या बाजूचे स्क्रू काढलेले होते, डाव्या बाजूचे ४७ परत लावलेच गेले नाहीत, आणि काम एका शिफ्टकडून दुसरीकडे जाताना ही गोष्ट पुढच्या माणसांपर्यंत पोचलीच नाही. काढलेले स्क्रू वरच्या अंगाला होते, खाली उभं राहून ते दिसण्यासारखं नव्हतं. आमच्या टेस्टमध्ये या अपघातावर प्रश्न होता. आमच्या त्या मेकॅनिकने त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. माहीत होतं आणि तरी झालं. मग मी जो तक्ता दाखवत होते तो नेमकं काय सांगत होता? लोकांना दोन दिवस आवडले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांना सगळं आठवत होतं, एवढंच. आवडणं वाईट नाही, कंटाळलेला माणूस काही शिकत नाही. पण याला ट्रेनिंगचा परिणाम म्हणणं चूक होतं आणि वर्षभर आम्ही तेच म्हणत आलो होतो.

ट्रेनिंग क्षेत्रातल्या लोकांना डोनाल्ड कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या माहीत असतात, १९५९ पासूनच्या आहेत. पहिली, लोकांना कसं वाटलं. दुसरी, काय शिकले. तिसरी, कामावर गेल्यावर वागणं बदललं का. चौथी, संस्थेच्या हाती काय लागलं. आम्हीही पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबलो होतो, कारण त्या हॉलमध्ये बसून मोजता येतात. तिसरीसाठी हँगरमध्ये जाऊन उभं राहावं लागतं, तेही पहाटे शिफ्ट बदलताना. आणि नियमांचाही थोडा हात आहे यात, युरोपच्या नियमांत दर दोन वर्षांच्या काळात हे ट्रेनिंग पुन्हा व्हायला हवं असं आहे, मग ऑडिटला आलेला माणूस सहसा काय बघतो तर हजेरीपट आणि सर्टिफिकेट, तेवढं फाइलला असलं की सगळे सुटतात.

आधी मला वाटलं सरळ चौथी पायरी मोजू. घटना कमी झाल्या का, एवढंच बघू. त्याच इन्स्पेक्टर सरांनी आणि क्वालिटीतल्या एका सहकाऱ्याने बसून मला त्यातला घोळ दाखवला. एक तर आमच्यासारख्या ठिकाणी गंभीर घटना इतक्या मोजक्या असतात की वर्षात एक कमी किंवा एक जास्त झाली तर त्यावरून काहीच ठरत नाही, नशिबानेही होऊ शकतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. ट्रेनिंग आपण कधी आणलं? लागोपाठ दोनतीन वाईट गोष्टी झाल्या म्हणून आणलं. वाईट काळ शिखरावर असताना तुम्ही काहीही करा, त्यानंतर आकडा थोडा उतरतोच, कारण तो तसाही उतरणारच होता, आणि मग आपण त्याचं श्रेय नुकत्याच केलेल्या गोष्टीला देऊन मोकळे होतो. हे माझ्या डोक्यात लख्ख बसलं, कारण आधीच्या वर्षीच्या अहवालात मी स्वतः असंच वाक्य लिहिलं होतं.

विमान कंपन्यांमध्येही हेच कोडं आहे हे नंतर वाचलं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांना धडकून ५८३ लोक गेले, १९७९ ला नासाने कॉकपिटमधल्या माणसांच्या वागण्यावर वर्कशॉप घेतलं, तिथून पायलटांचं सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट), म्हणजे कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलून मिळून काम करण्याचं, ट्रेनिंग जगभर पसरलं. आणि एवढ्या वर्षांनंतर, २००१ मध्ये, एदुआर्दो सालास आणि सहकाऱ्यांनी अशा ट्रेनिंगच्या ५८ मूल्यमापनांचा आढावा घेतला तेव्हाही चित्र असंच निघालं की लोकांना आवडतं, दृष्टिकोन बरेचदा बदलतो, वागणंही पुष्कळदा बदलतं, पण शेवटी सुरक्षितता वाढली का याचं ठाम उत्तर त्यातून देता येत नाही. अपघात मुळातच दुर्मिळ, त्यातून फरक काढायचा कसा. मला हे वाचून निराश नाही वाटलं, उलट हायसं वाटलं, की आपण चौथ्या पायरीच्या मागे न धावता तिसरी नीट पकडू.

तर ठरलं असं की एकच वागणं घ्यायचं. शिफ्ट हँडओव्हर. ट्रेनिंगमध्ये थकवा, ताण, गृहीत धरणं, दबाव, बारा गोष्टी होत्या, गॉर्डन ड्यूपाँटची डर्टी डझनची यादी या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असते, पण बाराही एकदम मोजायला गेलो असतो तर एकही धड मोजली नसती. हँडओव्हर का, तर ते रोज ठरलेल्या वेळी होतं, डोळ्यांनी दिसतं, आणि आमचं दुखणं तिथेच होतं.

मग शीट बनवली. पहिल्या शीटवर मी लिहिलं होतं, "काम स्पष्टपणे समजावलं का?" मी आणि एक लायसन्स्ड इंजिनीअर, दोघांनी मिळून एकच हँडओव्हर बघितलं, एकाच वेळी, चार फुटांवरून. मी टिक केली, त्यांनी फुली मारली. का तर माझ्या मते त्याने स्पष्ट सांगितलं, त्यांच्या मते तो फक्त मोठ्याने बोलला. पुढच्या तीन हँडओव्हरलाही तेच. दोन बघणारेच एकमेकांशी जुळत नसतील तर उद्या आकडा वर गेला तरी ट्रेनिंगने गेला की बघणारा बदलला म्हणून गेला हे कोण सांगणार. मग आम्ही शीटमधली सगळी विशेषणं काढून टाकली. स्पष्ट, नीट, व्यवस्थित, पुरेसं, सगळं बाद. उरलं ते फक्त कॅमेऱ्यात दिसलं असतं असं. दोघंही विमानापाशी होते की ऑफिसच्या दारात? टास्क कार्ड, म्हणजे त्या कामाच्या पायऱ्या लिहिलेला कागद, उघडलं होतं का? काय झालंय हे सांगितलं का? काय झालं नाही हे वेगळं सांगितलं का? येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवलं का? त्यानंतर आमच्या टिका जुळायला लागल्या.

सहावा मुद्दा आमचा नाही, मेकॅनिक लोकांचा. हे सगळं सुरू करायच्या आधी आम्ही त्यांना कोरी शीट दाखवली, कारण नाहीतर हँगरमध्ये दोन माणसं पॅड घेऊन उभी राहिली की काय अर्थ निघतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकाने तोंडावर विचारलंच, "म्हणजे आता आमच्यावर पाळत?" आम्ही सांगितलं की शीटवर कोणाचं नाव येणार नाही, फक्त हँगर आणि शिफ्ट, कच्च्या शीट सुपरवायझरकडे जाणार नाहीत, आणि जे निघेल ते मॅनेजमेंटच्या आधी तुम्हाला दाखवू. पूर्ण विश्वास बसला असं नाही म्हणणार मी. पण त्याच माणसाने शीट हातात घेऊन वाचली आणि म्हणाला, यात टूल कुठंय? जाणाऱ्याने कुठलं टूल कुठे ठेवलंय, कुठलं दुसरीकडे गेलंय, हे सांगितलं का ते पण लिहा, सकाळी अर्धा वेळ त्यातच जातो. मी त्या क्षणी टॉर्क रेंचबद्दल विचार करत होते. तो मुद्दा शीटवर आला.

एक गोष्ट आम्ही नशिबाने बरोबर केली. दोन्ही हँगरचं रिफ्रेशर ट्रेनिंग, आता हँडओव्हरवर भर देऊन आणि प्रत्यक्ष सराव घेऊन, एकाच वेळी करायचं ठरलं होतं, पण ट्रेनर मिळेना म्हणून पहिल्या हँगरचं आधी आणि दुसऱ्याचं काही महिन्यांनी असं झालं. आधी मला याचा त्रास झाला, मग लक्षात आलं की हे तर फार चांगलं झालं. दोन्हीकडे आधीपासून बघत राहायचं, पहिल्याचं ट्रेनिंग झाल्यावर पहिल्यात बदल दिसला आणि दुसऱ्यात नाही, तर ऋतू, कामाचा भार, नवीन मॅनेजर, बातम्या, या कशाचंही नाव पुढे करता येत नाही, कारण ते दोन्हीकडे सारखंच होतं.

पहिला आठवडा आम्ही बघितलं आणि ती सगळी पानं फेकून दिली. त्या आठवड्यात हँगरमध्ये जसे हँडओव्हर झाले तसे मी नोकरीत कधी बघितले नाहीत, लोक आमच्याकडे बघत बघत कार्ड उघडत होते. ते साहजिक आहे, कोणी बघतंय म्हटलं की माणूस नीट वागतो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांच्यासाठी फर्निचर झालो आणि खरं चित्र दिसायला लागलं. बहुतेक हँडओव्हर दारात, चालता चालता. काय झालं ते सांगितलं जायचं, काय राहिलं ते क्वचित. परत म्हणून दाखवणं तर जवळपास शून्य.

पण बघण्याने वागणं बदलतं ही शंका कायम राहतेच, म्हणून आम्ही दुसरा एक पुरावा शोधला जो आमच्या बघण्याच्या आधीच लिहिला गेला होता. जुनी हँडओव्हर रजिस्टरं. मी दोन दुपारी बसून जुनी पानं वाचली आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारला, फक्त ही नोंद वाचून मी ते काम पुढे नेऊ शकले असते का? "चालू." "थोडं बाकी." "नेहमीप्रमाणे." एक नोंद फक्त बाण होती, वरच्या ओळीकडे दाखवणारा. त्यांना मी दोष देत नाही, रात्रभर उभं राहून काम केल्यावर पहाटे लिहिलेल्या त्या नोंदी आहेत. पण मोजायला याहून चांगली जागा नाही, ही नोंद लिहिणाऱ्याला कल्पनाही नव्हती की कोणी मोजणार आहे.

पहिल्या हँगरचं ट्रेनिंग झालं. त्यानंतरच्या आठवड्यांत फरक दिसला आणि तो बारीक नव्हता. दोघं विमानाखाली उभे, कार्ड उघडं, एकदा तर येणाऱ्या मुलाने आपल्याहून कितीतरी सीनियर माणसाला थांबवून विचारलं, "सर, म्हणजे खालची ओळ टॉर्क झालीय आणि वरची फक्त हाताने, बरोबर?" आणि सीनियर थांबला, वर बघितलं, म्हणाला, "नाही, उलटं." त्या एका "उलटं"साठी हे सगळं ट्रेनिंग असतं. दुसऱ्या हँगरमध्ये त्याच काळात काहीही हललं नव्हतं. रजिस्टरच्या नोंदीही तेच सांगत होत्या, पहिल्यात वाक्यं यायला लागली होती, दुसऱ्यात "चालू"च चालू होतं.

इथे थांबलो असतो तर सुंदर अहवाल झाला असता.

आम्ही ठरवलं होतं की तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. माणूस शिकलेलं कसं विसरतो हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, सुरुवातीला भराभर, मग हळूहळू. आम्हाला थोडी घसरण अपेक्षित होती. जी दिसली ती तशी नव्हती. सकाळची शिफ्ट दुपारच्या शिफ्टला जे हँडओव्हर देते ते जवळपास जसंच्या तसं टिकलं होतं. दुपारचं रात्रीला, ठीक. आणि रात्रीचं सकाळला? पूर्ण कोसळलेलं, ट्रेनिंगच्या आधी होतं तिथे. विसरायचंच असतं तर सगळ्या शिफ्टची माणसं विसरली असती, शिवाय शिफ्ट फिरत्या असतात, म्हणजे तीच माणसं दुपारी नीट हँडओव्हर देत होती आणि पंधरा दिवसांनी रात्रपाळीत आली की दारातून "चालू आहे" म्हणून निघत होती.

मॅनेजमेंटच्या एका साहेबांचं म्हणणं पडलं की रात्रीची मंडळी आळस करतात, त्यांना अजून एकदा ट्रेनिंगला बसवा. तसं केलं असतं तर दोन दिवस वाया गेले असते आणि त्या माणसांचा आपल्यावरचा विश्वासही गेला असता. त्याऐवजी मी आणि त्या लायसन्स्ड इंजिनीअरने सलग काही पहाटा फक्त घड्याळ बघितलं. शीट नाही, फक्त वेळा. रात्रीची शिफ्ट ज्या मिनिटाला संपते त्याच मिनिटाला घरी नेणारी बस गेटवरून सुटते. सकाळची माणसं ज्या बसने येतात तीच ती बस, येते, लोक उतरतात, हे चढतात, निघाली. ती चुकली तर पुढची फार उशिरा. म्हणजे येणारा माणूस अजून लॉकरपाशी बूट बदलतोय तेव्हा जाणारा गेटकडे निघालेला असतो. दोघं एकमेकांना दिसतात ते दारातच. दिवसा हा प्रश्न नाही, कारण दिवसाच्या शिफ्टमध्ये वेळा थोड्या एकमेकांवर चढलेल्या होत्या.

रात्रपाळीच्या माणसाला ट्रेनिंगने शिकवलेलं सगळं येत होतं. करायला वेळच नव्हता. आणि हे त्याने फीडबॅक फॉर्मवर कधी लिहिलं असतं? फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. त्या पॅनेलनंतर ज्या मेकॅनिकला बोलावून समज दिली गेली, तोही पहाटेच बस पकडायला निघालेला होता. आम्ही त्याला विचारलं होतं "नीट का नाही लिहिलं", कोणी हे विचारलं नाही की तुझ्याकडे किती मिनिटं होती. नंतर मी त्याला भेटून हे सांगितलं, की हे आधी आमच्या लक्षात यायला हवं होतं. तो फार काही बोलला नाही, एवढंच म्हणाला की मॅडम, सांगणार कोणाला होतो.

बस पंधरा मिनिटं उशिरा सोडायची आणि दोन शिफ्टच्या वेळा तेवढ्याच एकमेकांवर चढवायच्या, हा निर्णय व्हायला ट्रेनिंगपेक्षा जास्त दिवस लागले. त्यात बस कंत्राट, पंधरा मिनिटांचा पगार, हजेरी मशीन, सगळं आलं. शेवटी झालं. आणि मोजणाऱ्याच्या दृष्टीने त्यातली मजबूत बाजू अशी की पहिल्या हँगरमध्ये हा बदल नव्या ट्रेनिंगशिवाय झाला. काही आठवड्यांत रात्रीचं हँडओव्हर वर आलं, परत कार्ड उघडं, परत विमानाखाली. कोणालाही पुन्हा काही शिकवलं नव्हतं. शिकलेलं होतंच त्यांच्याकडे.

दुसऱ्या हँगरचं ट्रेनिंग नेमकं त्याच सुमारास झालं, म्हणजे तिथे ट्रेनिंग आणि वेळ दोन्ही एकत्र मिळाले, तिथलं चित्र सगळ्यात चांगलं आहे, पण त्यातलं किती कशामुळे हे मला वेगळं करता येत नाही आणि अहवालात मी तसंच लिहिलं. एका साहेबांनी सुचवलं की ते वाक्य काढून टाका, अहवाल कमजोर दिसतो. नाही काढलं.

अजून दोन गोष्टी, ज्यांनी मधल्या काळात आम्हाला घाबरवलं होतं.

एक म्हणजे रिपोर्ट वाढले. ट्रेनिंगनंतर चुका आणि थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांचे ऐच्छिक रिपोर्ट एकदम जास्त यायला लागले आणि वरून विचारणा झाली की ट्रेनिंग देऊन चुका वाढल्या का. हा आकडा एकटा वाचायचाच नसतो. रिपोर्ट वाढले म्हणजे चुका वाढल्या किंवा सांगणं वाढलं, दोन्ही शक्य आहे. आम्ही प्रत्येक रिपोर्ट उघडून दोन गोष्टी बघितल्या, चूक कुठल्या टप्प्यावर पकडली गेली, आणि ती सांगतंय कोण. आधीचे बहुतेक रिपोर्ट दुसऱ्याच्या चुकीबद्दलचे होते. आता स्वतःच्या चुकीचे यायला लागले होते, नाव घालून. एकात लिहिलेलं होतं, "मी टॉर्क केल्याची खूण केली, पण केलं की नाही हे आठवेना, म्हणून परत वर जाऊन सगळे तपासले, दोन राहिले होते." हा रिपोर्ट ज्या आकड्यात मिळवून आपण "घटना वाढल्या" म्हणतो, तो आकडा खाली आणायचा प्रयत्न केला तर हा माणूस पुढच्या वेळी गप्प बसेल. म्हणून मी हात जोडून सांगितलं की रिपोर्ट कमी करा असं टार्गेट कुठल्याही सुपरवायझरला देऊ नका. सध्या तरी दिलेलं नाही.

दुसरं, लोकांनी स्वतःला दिलेले मार्क घसरले. "मी हँडओव्हर किती चांगलं देतो" याला ट्रेनिंगआधी सगळे स्वतःला वरचे मार्क देत होते, नंतर कमी द्यायला लागले. पहिल्यांदा बघून पोटात गोळा आला. पण मोजपट्टीच बदलली होती. आधी चांगलं हँडओव्हर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, कळल्यावर स्वतःकडे नीट बघितलं. आता आम्ही आधीचे मार्क आधी विचारतच नाही, ट्रेनिंगनंतर दोन्ही एकत्र विचारतो, आज कसं देता आणि आता मागे वळून बघता तेव्हा कसं देत होता. त्यातून फरक जास्त खरा येतो. तरी हा माणसाचा स्वतःबद्दलचाच अंदाज आहे, म्हणून त्याला मी रजिस्टरच्या पानांइतकं वजन कधीच देत नाही.

फीडबॅक फॉर्म बंद केला नाही आम्ही, लहान केला. हॉल कसा होता वगैरे गेलं. आता त्यात शेवटी एक प्रश्न आहे: इथे जे शिकलात ते कामावर करायला काय आडवं येईल? सुरुवातीच्या बॅचला लोक "काही नाही" लिहायचे. बस बदलल्याचं सगळीकडे पसरल्यावर उत्तरं लांब व्हायला लागली. टॉर्क रेंच दोनच आहेत हे एकाच बॅचमध्ये चौघांनी लिहिलं. तिसरा आता मागवलाय.

इंजिन शॉपवाले म्हणतायत आमच्याकडे पण हे करा. तिथे हीच शीट चालणार नाही, कारण एक इंजिन आठवडेच्या आठवडे त्याच माणसांकडे असतं, हँडओव्हर हे त्यांचं दुखणं नाही. त्यांचं दुखणं मधेच उठवलं जाण्याचं असावं असा इन्स्पेक्टर सरांचा अंदाज आहे, काम चालू असताना कोणी हाक मारली की परत येऊन माणूस नेमका कुठून सुरू करतो. शीट अजून कोरी आहे. सोमवारपासून दोन आठवडे आम्ही दोघं तिथे नुसते उभे राहून बघणार आहोत, आणि पहिल्या आठवड्याची पानं फेकून देणार आहोत.